ई-२०, जुनी गाडी आणि सोसायटीतला पंधरा अँपिअरचा सॉकेट

जुनीच_बरी (पुणे) · शनिवार, रात्री ९.५०

मंडळी, धागा थोडा लांबेल, चहा घेऊन बसा.

माझी गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक. ८१ हजार किलोमीटर झालेत. अकरा वर्षांत एकदाच टोचन करून न्यावी लागली, तीही बॅटरी बसली म्हणून. कोथरूड ते हिंजवडी आठवड्यातून तीनदा, बाकी भाजी, दवाखाना आणि महिन्यातून एकदा साताऱ्याला सासुरवाडी. सगळं मिळून महिन्याला ९०० किलोमीटर.

वडिलांची सवय मला लागलीय. गाडीच्या कप्प्यात छोटी वही असते. टाकी फुल केली की तारीख, लिटर, किलोमीटर. त्या वहीप्रमाणे २०२२ मध्ये ऍव्हरेज साडेपंधरा होतं, आता साडेतेरा. पंपावरच्या पोराला विचारलं, यात वीस टक्के इथेनॉल, म्हणजे ई-२०, आहे का? तो म्हणाला, "काका, आता सगळीकडं तेच येतं." त्याचं चुकलं नाही. पण माझ्या गाडीच्या पुस्तकात छापलंय की दहा टक्क्यांपर्यंत चालेल. सर्व्हिस सेंटरात विचारलं तर "काही होत नाही सर." मग तेवढं लिहून द्या म्हटलं, तर मॅनेजर जेवायला गेलेले.

म्हणून म्हटलं, जाऊ दे, इलेक्ट्रिकच घेऊ. सोसायटीला अर्ज दिला: माझ्या पार्किंगमध्ये, माझ्या मीटरवरून, माझ्या खर्चाने एक पॉइंट. आठ दिवसांनी लेखी उत्तर आलं. आगीचा धोका आहे, इमारतीचा लोड पुरणार नाही आणि "एकाला परवानगी दिल्यास इतर सभासदही मागणी करतील."

तिसऱ्या कारणावर काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

तर प्रश्न दोन. या पेट्रोलवर जुनी गाडी किती वर्षं ओढावी? आणि समितीशी बोलावं कसं? राजकारण नको, त्याला वेगळे धागे आहेत.

चिमटा · शनिवार, रात्री १०.०५

राजकारण नको म्हटल्यावर निम्मे आयडी झोपायला गेले असतील.

गाडी ओढा हो बिनधास्त. फक्त दिल्लीत राहू नका. तिथे १ जुलै २०२५ पासून दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं ठरलं होतं. कॅमेरे लावले, बोर्ड लावले, आणि दोन-तीन दिवसांत सगळं गुंडाळलं. पुढे ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की नुसत्या वयावरून या गाडीमालकांवर सक्तीची कारवाई नको. आपल्याकडे निदान वयाची बंदी नाही, पैसे घेतात आणि सोडतात. पंधरा वर्षांनंतर नूतनीकरणाला ५ हजार, आणि आता वीस वर्षांवरच्या कारला १० हजार. तुमची पंधरा २०२९ मध्ये होतील. तोवर कोण जाणे आणखी काय निघेल.

मिस्त्रीभाऊ (मिरज) · रविवार, सकाळी ७.३०

गॅरेज उघडायच्या आधी लिहितोय, त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या.

गेल्या पावसाळ्यात एक गिऱ्हाईक भांडायला आलं, तुम्ही गाडी बिघडवली म्हणून. मी काचेची मापाची बाटली घेतली. त्याच्याच टाकीतलं ८० मिली पेट्रोल ओतलं, वरून २० मिली पाणी. बूच लावून हलवलं आणि फळीवर ठेवलं. पाच मिनिटांत दोन थर झाले. खालचा थर वीसवर थांबायला हवा होता, तो पस्तिसाच्या आसपास गेला. कारण इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याकडे जातं. दारूत पाणी मिसळतं ना, तसंच. गिऱ्हाईक गप्प झालं. (हे घरी करू नका. माझ्याकडे रेतीची बादली असते.)

आता याचा अर्थ काय? रोज चालणाऱ्या गाडीत एवढं पाणी येतच नाही. ओल शिरायच्या आत टाकी संपते. पण महिनाभर उभी राहिलेली गाडी, झाकणाचं रबर गेलेलं, वरून पाऊस, अशी असली की खाली तो थर बसतो. आणि पंपाची नळी असते टाकीच्या तळाशी. सकाळी सेल मारला की आधी तेच ओढणार. माझ्याकडे येतात त्यात अशा उभ्या राहिलेल्या गाड्याच जास्त. त्यातही जुन्या कार्बोरेटरच्या मोटारसायकली. कार्बोरेटरची वाटी उघडली की आत पांढरट हिरवी पूड, आणि रबरी नळी दाबली की भेंडीसारखी चिकट.

२०१४ ची इंजेक्शनची गाडी असेल तर घाबरू नका. पेट्रोलच्या रबरी नळ्या, ओ-रिंगा आणि फिल्टर एकदा बदलून घ्या. कंपनीचा माल घ्या, बाजारातली मीटरवर मिळणारी नळी नको. आणि गाडी पंधरा दिवसांच्या वर उभी ठेवू नका.

ऍव्हरेजचं मात्र तुमचं गणित मला पटत नाही. साडेपंधरावरून साडेतेरा म्हणजे तेरा टक्के गेले. एवढं इथेनॉल खात नाही. टायरची हवा, एअर फिल्टर आणि एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर बघा. अकरा वर्षांचा सेन्सर आळशी होतो. आणि हिंजवडीचा ट्रॅफिक २०२२ मध्ये होता तेवढाच आहे का, तेही वहीत लिहीत जा.

हिशेबाची_वही (डोंबिवली) · रविवार, सकाळी ९.१५

मिस्त्रीभाऊ बरोबर आहेत. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये २१. म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई-२० मध्ये सातेक टक्के कमी. पण धागाकर्ते शुद्ध पेट्रोलवरून आलेलेच नाहीत. देशभरात दहा टक्क्यांचं लक्ष्य जून २०२२ मध्येच गाठलं होतं. दहावरून वीसवर येताना फरक पडतो साडेतीन टक्क्यांचा. साडेपंधराचे पंधरा व्हावेत. महिन्याला ६० लिटर धरले तर दोन लिटर जादा, म्हणजे दोनशे रुपये.

नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या चारचाकींना सहा-सात टक्के घट येईल असं लिहिलं होतं. दुचाकींना तीन-चार. म्हणजे माहीत होतं. छापून ठेवलं होतं. पंपावर मात्र सांगितलं नाही. माझा राग त्या दोनशे रुपयांवर नाही, या न सांगण्यावर आहे.

ब्राझीलमध्ये २००३ पासून फ्लेक्स गाड्या आहेत, म्हणजे पेट्रोल, इथेनॉल कोणतंही चालणाऱ्या. पंपावर दोन्ही इंधनांचे भाव लावलेले असतात. इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर इथेनॉल भरायचं, नाहीतर पेट्रोल. गिऱ्हाईक स्वतः हिशेब करतं.

फियॉर्डकाठी (बर्गन, नॉर्वे) · रविवार, दुपारी १.४०

एक बारीक दुरुस्ती. ब्राझीलमध्येही बिनइथेनॉलचं साधं पेट्रोल पंपावर मिळत नाही. तिथल्या "पेट्रोल"मध्ये ऑगस्ट २०२५ पासून तीस टक्के इथेनॉल आहे. फरक एवढाच की त्यांनी गाड्या आधी तयार केल्या, टक्के मग चढवले. आपल्याकडे ई-२० ला चालणारं साहित्य नव्या गाड्यांत आलं एप्रिल २०२३ मध्ये, आणि दोन वर्षांत जवळपास तेच एकमेव पेट्रोल झालं. आधीचं लक्ष्य २०३० चं होतं.

चार्जिंगबद्दल रात्री निवांत लिहितो. पोरीला स्कीइंगला सोडायचंय.

चिमटा · रविवार, दुपारी १.५५

सप्टेंबरात स्कीइंग? बर्गनला?

फियॉर्डकाठी · रविवार, दुपारी २.०२

चाकांचं स्कीइंग. डांबरावर. हसा.

उसाचा_फड (शिरोळ) · रविवार, संध्याकाळी ६.२०

सगळं वाचलं. पुण्या-मुंबईकडं इथेनॉल म्हटलं की लोक उसाकडंच बोट दाखवतात, म्हणून दोन शब्द.

आमच्या उसाची एफआरपी, म्हंजे कारखान्यानं द्यायचा किमान दर, २०२५-२६ ला क्विंटलला ३५५ रुपये, ती पण सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला. कायद्यानं चौदा दिवसांत बिल द्यायचं. साखर गोदामात पडून राहिली तर कारखान्याकडं चौदा दिवसांत पैसे कुठनं येणार? इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडनं लवकर येतात, म्हणून आमची बिलं थोडी तरी वेळेवर निघाली. हे खोटं न्हाई.

पण दुसरी बाजू पण सांगतो. "इथेनॉल करा" म्हटल्यावर कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभ्या केल्या. डिसेंबर २०२३ ला एका दिवसात हुकूम आला, उसाच्या रसापासनं इथेनॉल बंद. साखर कमी पडंल म्हणून. टाक्या तयार, रस तयार आन् परवानगी बंद. पुढच्या वर्षी उठवलं ते, पण व्याज कुणाला थांबलंय? आता तर निम्म्याच्या वर इथेनॉल धान्याचं, मक्याचंच जास्त. तवा तुमच्या टाकीत आमचा ऊस किती हाय ते आम्हालाबी ठाऊक न्हाई.

तुमाला पेट्रोलचं कळत न्हाई, आमाला रसाचं. दोघांनाबी कळवत न्हाईत, एवढंच साम्य.

चिमटा · रविवार, संध्याकाळी ६.३५

फडवाले, +१. माझा प्रश्न सोपा आहे. पाचवा हिस्सा इथेनॉल आहे, तर पेट्रोल स्वस्त का नाही?

हिशेबाची_वही · रविवार, संध्याकाळी ७.१०

कारण इथेनॉल आता स्वस्त राहिलेलं नाही. २०२४-२५ मध्ये रसाच्या इथेनॉलचा दर लिटरला ६५.६१ रुपये होता, मक्याच्या ७१.८६. वाहतूक आणि जीएसटी धरून सरासरी खरेदी ७१.३२ पडली, हे पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलंय. कर लागण्याआधीच्या पेट्रोलपेक्षा तेव्हा हे महाग होतं. वाचतं ते परकीय चलन, तुमचं पाकीट नव्हे. ते वाचणंही महत्त्वाचं आहे, पण मग तसंच सांगावं.

नंबरप्लेट_नसलेला · रविवार, रात्री ८.००

अवांतर: कुणी जुन्या गाडीला ती नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवून घेतली का? कारला ७४५ अधिक जीएसटी भरले, तारीख घेतली, सुट्टी टाकून गेलो, तर प्लेट आलेलीच नव्हती. मुदत मात्र सरकारने इतक्या वेळा वाढवलीय की घाई करणाराच वेडा ठरला.

चिमटा · रविवार, रात्री ८.०४

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे.)

फेज_गेली (नाशिक) · रविवार, रात्री ९.००

मी वीज वितरणात ३१ वर्षं काढून निवृत्त झालो आहे. धागाकर्त्यांनी समितीची तीन कारणं दिली आहेत, ती क्रमाने घेत नाही, सोपं आधी घेतो.

लोड. साध्या पंधरा अँपिअरच्या पॉइंटवरून गाडी सव्वातीन-साडेतीन किलोवॉट घेते. म्हणजे दोन गिझर एकदम लावल्यासारखं. तुमच्या इमारतीत सकाळी सात वाजता किती गिझर चालू असतात? तेव्हा लोड पुरतो ना? आता तुमचा रोजचा वापर बघा. कोथरूड-हिंजवडी जाऊन-येऊन पस्तीस किलोमीटर धरा. त्याला पाच-सहा युनिट, म्हणजे पावणेदोन तास. रोज रात्रभर गाडी चार्ज होते ही कल्पनाच चुकीची आहे. मोठी बॅटरी रिकामी करून आणली तर दहा तास लागतील, पण ते साताऱ्याहून आल्यावर.

दहा जणांनी गाड्या घेतल्या आणि सगळ्यांनी संध्याकाळी आठला, लिफ्ट-पंप-टीव्ही-एसी चालू असताना प्लग लावला, तर तेहतीस किलोवॉट वाढतील आणि तेव्हा खरंच अडचण होईल. त्याच दहा गाड्या रात्री बारानंतर पाळीपाळीने लावल्या तर काहीही होत नाही. त्यामुळे समितीचं तिसरं कारण, "इतरही मागतील", हेच खरं तर योग्य कारण आहे. फक्त त्याचा निष्कर्ष उलटा काढलाय. इतरही मागणार आहेत, म्हणून आजच नीट वायरिंगचा आराखडा करा. नाहीतर प्रत्येक जण खिडकीतून एक्स्टेंशन सोडेल, आणि आग लागेल ती त्याने.

परवानगीचं. घरच्या जोडणीवरून स्वतःची गाडी चार्ज करायला केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनी २०१८ पासून मुभा दिली आहे. ही ओळ छापून अर्जाला जोडा. मंजूर भार कमी असेल तर वाढवून घ्या. युनिट ३०० च्या वर गेली की स्लॅब चढतो, तेही ध्यानात ठेवा. हवी तर गाडीसाठी वेगळ्या वर्गवारीची जोडणी मिळते.

आग. इथे मी समितीला हसणार नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात स्कूटर पेटल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. त्यानंतर डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ असं दोन टप्प्यांत बॅटरीचं मानक कडक झालं. तरीही लिथियमची आग विझवायला वेळ आणि भरपूर पाणी लागतं, हे खरं आहे. पण शेजारच्या गाडीत पस्तीस लिटर पेट्रोल घेऊन आपण झोपतोच. माझ्या नोकरीत मी पाहिलेल्या पार्किंगमधल्या आगी बहुतेक सैल जोडाच्या होत्या. घरातला साधा पांढरा सॉकेट सलग सहा तास पंधरा अँपिअरसाठी नसतो, आधी पिवळा पडतो, मग तपकिरी, मग वास येतो. इंडस्ट्रियल सॉकेट लावा, चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा). आणि अर्थिंग मोजून घ्या. "आहे अर्थिंग" असं वायरमन म्हणाला, एवढ्यावर थांबू नका.

चिमटा · रविवार, रात्री ९.२०

फेजकाका, प्रतिसाद प्रिंट काढून ठेवण्यासारखा. पण ही वीज शेवटी कोळशाचीच ना? धूर कोथरूडऐवजी चंद्रपूरला, एवढाच फरक.

फेज_गेली · रविवार, रात्री ९.४५

बरीचशी कोळशाचीच. नाकारत नाही. चंद्रपुरात मी चार वर्षं होतो, वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टाचं काय होतं ते आमच्या सौभाग्यवतींना विचारा. पण इलेक्ट्रिक मोटर घेतलेल्या विजेचा बहुतांश भाग चाकाला देते, पेट्रोल इंजिन तीन चतुर्थांश उष्णता म्हणून उडवतं. शिवाय दिवसा आता सौर वीज जास्त होते. म्हणूनच २०२५ च्या नव्या दरांत घरगुती टीओडी (वेळेनुसार दर लावणाऱ्या) मीटरला सकाळी नऊ ते पाच सवलत आहे. आमच्या काळी स्वस्ताई रात्रीची असायची. घरून काम असेल त्या दिवशी दुपारी लावा.

हिशेबाची_वही · रविवार, रात्री १०.३०

आता नको असलेलं गणित. धागाकर्ते, ९०० किलोमीटरला तुम्हाला ६०-६५ लिटर लागतं, म्हणजे साडेसहा हजार. इलेक्ट्रिकला युनिटमागे सात किलोमीटर आणि चार्जिंगमधली गळती धरली तर १४५ युनिट. वरच्या स्लॅबचे सगळे आकार धरून पंधरा रुपये लावले तरी बावीसशे. महिन्याला चार-सव्वाचार हजार वाचले. इलेक्ट्रिक गाडी तशाच पेट्रोल गाडीपेक्षा चार लाखांनी महाग असेल तर फरक भरून यायला आठ वर्षं. आणि तुमची गाडी तर घेऊन झालेली आहे, तिची किंमत शून्य धरा, म्हणजे गणित आणखी बिघडतं. तुमचं रनिंग दुप्पट असतं तर मी "आजच घ्या" म्हटलं असतं.

मी स्वतः इलेक्ट्रिक स्कूटर घेतलीय, काढता येणाऱ्या बॅटरीची. बॅटरी दहा किलोची. इमारत जुनी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. रोज संध्याकाळी पिठाचा डबा वर नेल्यासारखं. पहिले आठ दिवस शेजारच्या आजी विचारायच्या, "काय गं, गिरणीतून आलीस?" आता त्याच जिन्यातला दिवा लावून ठेवतात. स्टेशनला जाऊन-येऊन महिन्याचा खर्च दीडशे रुपये. दुचाकीत गणित पटकन जमतं, चारचाकीत रनिंगवर आहे.

फियॉर्डकाठी · सोमवार, पहाटे २.१०

उशीर झाला. इथे २०२४ मध्ये विकलेल्या शंभर नव्या गाड्यांपैकी ८९ इलेक्ट्रिक होत्या. लोकांना वाटतं इथे पेट्रोल गाडीवर बंदी आहे. नाही. पेट्रोल गाडीवर जबर कर होता आणि इलेक्ट्रिकवर व्हॅटही नव्हता, २०२३ पासून तो महागड्या गाड्यांना थोडा लागू झाला. वीज जवळपास सगळी पाण्याची. आणि तेल? ते आम्ही उपसून बाकीच्यांना विकतो. त्यामुळे फार उपदेश करायची सोय नाही.

पण सोसायटीचं सांगतो. इथे कायदाच आहे, सभासदाने चार्जिंग पॉइंट मागितला तर मंडळाला ठोस कारणाशिवाय नाही म्हणता येत नाही. आमच्याकडे एकच जाड केबल आणि वाटणी करणारी पेटी. आठ गाड्या लावल्या तर पेटी सगळ्यांना थोडी थोडी वीज देते, सकाळी सगळ्या भरलेल्या. पहिल्या सभेत मात्र इथल्या आजोबांनीही हेच विचारलं होतं, "एकाला दिलं तर सगळे मागतील." नॉर्वेजियनमध्ये. मला एकदम पुण्यात डेक्कनला बसल्यासारखं वाटलं.

जुनीच_बरी · पुढचा सोमवार, रात्री ९.१५

काल सभा झाली, म्हणून उशिरा लिहितोय. कोरम नव्हता, मग नियमाप्रमाणे अर्ध्या तासाने तीच सभा तेवढ्याच लोकांत.

फेजकाकांच्या प्रतिसादाच्या दहा प्रती नेल्या होत्या. सेक्रेटरींनी गिझरचं वाक्य दोनदा वाचलं. चौथ्या मजल्यावरचे काका म्हणाले, गाडी पेटली तर विमा कोण देणार? त्यावर अर्धा तास गेला. शेवटी ठरलं ते असं: पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये एक पॉइंट, सहा महिने प्रायोगिक, सबमीटर लावून. शेजारी खिळ्याला वही टांगायची, लावताना आणि काढताना आकडा लिहायचा. रात्री अकरा ते सहा. युनिटचा दर काय लावायचा यावर एकमत झालं नाही, सार्वजनिक मीटरचा दर वेगळा पडतो म्हणे. तो विषय पुढच्या सभेला.

गंमत म्हणजे मी स्वतः गाडी घेत नाहीये. हिशेबाची_वही यांचं गणित बायकोला दाखवलं, ती म्हणाली, मग एवढा तमाशा कशाला केलास? नळ्या आणि फिल्टर बदलले. सेन्सर खरंच गेला होता. त्यानंतर एकदा टाकी फुल केली, ऍव्हरेज १४.६.

पॉइंट पहिल्यांदा वापरणार दुसऱ्या मजल्यावरची मुलगी, स्कूटरसाठी. वायरमन उद्या येतोय. फेजकाका, अडीच चौरस मिलिमीटर पुरेल असं तो म्हणतोय.

फेज_गेली · पुढचा सोमवार, रात्री ९.३२

स्कूटरला पुरेल. पण उद्या तिथेच कोणीतरी गाडी लावेल. मीटर रूमपासून तो खांब किती फुटांवर आहे? पायांनी मोजू नका, टेप लावा.